पाय धुतलेली फाईल

परवा नातवाच्या बारशाचा व्हिडिओ टीव्हीवर लावायला गेलो. पाव्हणे सोफ्यावर, खाली सतरंजीवर, दारात, जागा मिळेल तिथं बसलेले. पेढ्याचे हात पुसून सगळे तयार. आणि टीव्हीनं काय करावं? काळ्या पडद्यावर पाटी टाकली, ही फाईल चालत नाही. झालं! सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ज्या माणसानं उभी हयात मेडशीच्या स्टँडजवळ फोटोचं दुकान चालवलं, गावोगावची लग्नं शूट केली, त्याच्या घरचं बारसं दिसेना! मी तापट आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे सूनबाई आधीच दोन पावलं मागं सरली होती. पण मला राग आलाच नाही, हसू आलं. कानात एकदम तो जुना आवाज वाजला, रस्त्याच्या पलीकडून आला तरी कानठळ्या बसवणारा. "अव माय वं! पाय धुतल्याबिगर घरात घेतली काय फाईल?"

आवाज प्रमिलाताईंचा. मी फाईल लॅपटॉपवर घेतली, बदलायला लावली आणि पाव्हण्यांना म्हटलं, थांबा जरा, पाय धुऊन राह्यली. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं सगळ्यांना वाटलं असणार. वाटू द्या.

प्रमिलाताई म्हणजे आमच्या मेडशीच्या मिक्सिंगवाल्या. लग्नाचं शूटिंग कापायचं, जोडायचं, गाणी लावायची आणि त्याची फिल्म करायची, या कामाला आमच्याकडे मिक्सिंग म्हणतात. मी शूटिंग करायचो, त्या मिक्सिंग करायच्या. माझ्या दुकानासमोर बियाण्याच्या दुकानामागं त्यांची पत्र्याची खोली होती. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली काय होत असेल ते आमच्या भागात राहिलेल्यालाच कळेल. खोलीत कूलर होता, नाही असं नाही, पण त्याचं तोंड कायम मशीनकडे. मशीन म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर. गिऱ्हाईक घामानं निथळतंय, ताई पदरानं वारा घेताहेत आणि मशीन मात्र गारेगार. कोणी हळूच कूलर आपल्याकडे फिरवला की संपलंच. "हात नोको लावू त्याले! तुले घाम आला तं तू घरी जाशीन, मशीनले आला तं थे बंद पडते!"

बुटक्या, भक्कम बाई. चष्मा कपाळावर आणि तोच चष्मा दिवसभर शोधत राहायच्या. यजमान एसटीत ड्रायव्हर, शांत माणूस. म्हणजे त्या घरात दुसऱ्या कोणाला बोलायला जागाच नव्हती. मी कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन रस्ता ओलांडायला लागलो की खिडकीतूनच सुरू व्हायच्या.

"भाऊ, कोनत्या कॅमेऱ्याची फाईल हाय? नवीन हाय काय? ड्रोन व्हता काय? दाखवा, दाखवा ना!"

"ताई, फाईल आहे. जावई नाही आला."

"तुमाले काय समजते त्यातलं!"

आता खरं सांगतो, अनोळखी फाईल आली की मिक्सिंगवाले कपाळाला हात लावतात. उघडत नाही, उघडली तर आवाज येत नाही, आवाज आला तर चित्र अडकत अडकत चालतं. वाशीमपासून अकोल्यापर्यंत पाहिलेत मी, नवीन फोन निघाला की शिव्या सुरू. ही एकच बाई अशी की फाईल उघडली नाही तर हिचे डोळे चमकायचे! खुर्ची पुढं ओढून बसायच्या, हात चोळायच्या आणि तिच्याशी बोलायला लागायच्या. "काहून रुसली वं? कोठून आली तू? काय पायजे तुले?" मला हा प्रकार बघवायचा नाही. मी चहा सांगायला बाहेर पडायचो. आणि चहा येईपर्यंत आतून आरोळी यायची, "चालली! चालली रे बापा, चालली!" बियाण्याच्या दुकानातली माणसं पोती सोडून डोकावायची.

त्यांचा एक नियम होता आणि त्यात देवाचीही गय नव्हती. बाहेरून आलेली कोणतीही फाईल तशीच कामाला घ्यायची नाही. आधी ती बदलून मशीनला पचेल अशा एका ठरलेल्या प्रकारात आणायची, मग कापाकापी. याला त्या म्हणायच्या पाय धुणे. "पावना दारात आला की आपन त्याले आधी पाय धुवाले पानी देतो का नाही? धुळीच्या पायानं सरळ सैपाकघरात नेतो काय?" माझं कार्ड हातात घेतलं की पहिला प्रश्न, पाय धुतले का? आता माझ्या कार्डाचे पाय मी कुठं धुणार! पण विचारायच्या नक्की. वेळ लागायचा त्याला, मशीनवर एक हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं पुढं सरकायची. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, आमदाराचा माणूस असो, पट्टी भरेपर्यंत बसायचं. मी चिडायचो. "ताई, चालतेय ना फाईल मशीनवर? मग घ्या की तशीच!" त्यावर म्हणायच्या, "चालते म्हनून खरी हाय, असं कोनं सांगतलं तुमाले?"

एकदा धनजकडच्या लग्नाचं काम आलं. मुलीकडच्यांनी कॅमेरा लावला होता, मुलाकडच्यांचं शूटिंग मामानं आपल्या फोनवर केलेलं. मामा स्वतः आला, पांढरा शर्ट, गॉगल, फार हुशार माणूस. म्हणाला, मॅडम, तुम्हाला त्रास नको म्हणून मीच फाईल बदलून आणली. ताईंनी लावली, तर पडदा हिरवागार. मामा म्हणे तुमचं मशीन खराब आहे. अरे बापा! मशीनला खराब म्हणाला! मी खुर्ची मागं घेतली. पण ताई भडकल्या नाहीत, त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दोन बटणं दाबून त्यांनी पाहिलं आणि टाळी वाजवली. मामानं काय केलं होतं, तर फाईलच्या नावापुढची तीन अक्षरं पुसून दुसरी लिहिली होती. झाली बदलून!

"मामाजी, डब्याचं झाकन बदललं म्हनून आतली भाजी बदलते काय हो? तुमी वांग्याच्या डब्यावर पनीर लिहून आनलं!"

मामा हसला, सगळी खोली हसली. मग ताईंनी त्याला बसवून घेतलं आणि भाजी कशी बदलतात ते अख्खं दाखवलं. जाताना मामा म्हणाला, पुढच्या लग्नाला मीच मिक्सिंग करतो. ताई म्हणाल्या, करजा ना, अडली तं घेऊन या. त्यांना कोणी शिकलं की आनंदच व्हायचा, धंदा जाईल ही भीती त्या बाईच्या गावीही नव्हती.

आणखी एक गंमत. मोठ्या कॅमेऱ्याच्या फाईली इतक्या जड असतात की कापताना मशीन धापा टाकतं. मग ताई त्या फाईलची एक बारकी, धुरकट नक्कल करायच्या, तिच्यावर सगळं काम करायच्या आणि शेवटी एका बटणावर नक्कल काढून मूळ फाईल जागेवर आणायच्या. हे आम्हाला माहीत, गिऱ्हाईकाला काय माहीत! मेडशीच्याच एका गृहस्थाची मुलगी उजवलेली. ते सहज डोकावले, तर पडद्यावर मुलीचं तोंड धुक्यातून पाहावं तसं. बस! "माया पोरीचं तोंड धुरकट काहून? शूटिंगवाला कोठी गेला?" शूटिंगवाला म्हणजे मी, मी दाराआड. ताई गालातल्या गालात हसताहेत. गृहस्थाला पुरतं ओरडू दिलं, स्टँडवरची माणसं गोळा होऊ दिली आणि मग म्हणाल्या, "झालं बोलून? आता पाहा." आणि बटण दाबलं. पोरीच्या नाकातली नथ, कपाळावरचा घामाचा थेंब, हळदीचा कण, सगळं लख्ख! माणूस एक पाऊल पुढं सरकला. मग हळूच म्हणाला, "ताई, पुन्हा एकदा करून दाखवा ना." त्यानंतर तो रोज यायला लागला. धुरकट करा, आता लख्ख करा. पोरगी सासरी गेलेली, घर ओकंबोकं, त्याचा तेवढाच विरंगुळा. ताईंनी फिल्म पूर्ण झाल्यावरही ती नक्कल बरेच दिवस पुसली नाही.

पण ज्या गोष्टीसाठी आमच्या भागात त्यांचं नाव झालं ती सांगायची तर आधी तोंडाची गोष्ट सांगायला हवी. बुद्धविहारातल्या एका लग्नात एका आजोबांनी नवरा-नवरीला आशीर्वादाचे चार शब्द सांगितले होते. फोनवर घेतलेलं. पाय धुण्याचा नियम तेव्हा अजून पक्का झाला नव्हता. मिक्सिंगमध्ये टाकलं तर सुरुवातीला सगळं ठीक, आणि मग हळूहळू आवाज पुढं, तोंड मागं. आजोबांचं बोलणं संपलं तरी ओठ हलताहेत! ताई त्यांच्या समाजातल्या, आजोबांना मानणाऱ्या. आजोबांचं हसं होईल या कल्पनेनं त्या बेचैन. जेवण सुचेना त्यांना. एका सकाळी मी दुकानाचं शटर वर करतोय तोवर रस्त्यावरून धावत आल्या, दोन्ही हात पिठाचे.

"भाऊ! फोन खोटं बोलते!"

"कुठला फोन? काय झालं?"

"सगळेच फोन! बसा, सांगते."

मला माझ्याच दुकानात बसवलं आणि पिठाच्या हातांनी माझ्या काउंटरवर ठिपके काढले. व्हिडिओ म्हणजे काय, भराभर काढलेले फोटो. कॅमेरा इमानदार, एका सेकंदाला ठरलेले फोटो काढतो. फोन लहरी. ऊन असलं की भराभरा काढतो, सावली आली, अंधारलं, की हात आखडतो, सेकंदाला कमी काढतो. मिक्सिंगचं मशीन मात्र सगळे फोटो सारख्या अंतरावर मांडतं, म्हणून चित्र आणि आवाजाची फारकत. "पाय धुतले की थे ज्याच्या त्याच्या जागेवर बसतात! आजोबाचं तोंड जुळलं भाऊ, जुळलं!" काउंटरवरचं ते पीठ मी दिवसभर पुसलं नाही, कारण नीट समजून घ्यायचं होतं. त्यांच्यासमोर कबूल केलं नाही, तो भाग वेगळा.

आता शंकरपट. बैलजोड्यांची शर्यत. बंदी उठल्यावर आमच्याकडे गावोगावी पुन्हा जोर धरला. रिठदच्या बाजूला, ताईंच्या माहेरी, मोठा पट भरायचा. ताईंचा धाकटा भाऊ देविदास तिथलाच. आई लवकर गेली, ताईंनी त्याला कडेवर वाढवलेलं. त्याला त्या देवा म्हणायच्या. देवाची एकच जोडी, पाखऱ्या आणि लखन. गोऱ्हे होते तेव्हापासून स्वतःच्या ताटातला घास काढून वाढवलेले. एकदा तरी पट मारायचा, म्हणजे शर्यत जिंकायची, एवढंच त्याचं स्वप्न. आणि ताईंचंही. येणाऱ्या-जाणाऱ्याला फोनमध्ये लखनचे फोटो दाखवायच्या. माझ्या दुकानात त्याची फ्रेमसुद्धा करून घेतली, सूट मागून.

पटात एका वेळी एक जोडी पळते. तिकडं झेंडा पडला की सुटायचं, इकडं चुन्याच्या रेषेवर बैलांची नाकं पोचली की घड्याळ थांबवायचं. त्या वर्षी शेवटाला दोन जोड्या उरल्या, मालेगावकडच्या शेषरावांची आणि आपल्या देवाची. दोघांच्या वेळा इतक्या जवळ की एक घड्याळवाला म्हणे शेषराव, दुसरा म्हणे देविदास. गलका! कमिटीवाल्यांनी मचाणावर एक फोन बांधून सगळ्या धावा घेतल्या होत्या. कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की झेंडा पडल्यापासून रेषेपर्यंतचे फोटो मोजा, ज्याचे कमी तो जिंकला. वा! कमिटीच्या लॅपटॉपवर लावलं, तर फाईल अडके. बैल उभा, झेंडा पडलेला, आणि बैल एकदम रेषेच्या पार! लोक खवळले. मी तिथंच शूटिंगला होतो. मीच म्हटलं, मेडशीहून प्रमिलाताईंना आणा.

ताई जीपमधून आल्या त्या मशीन गोधडीत गुंडाळून, मांडीवर धरून. एवढं मैदान भरलेलं, सगळे आपल्या मशीनकडे पाहताहेत, बाईचा चेहरा काय फुलला होता! फाईल लावली आणि ती लोण्यासारखी चालली. कुठं अडकेना, कुठं थांबेना. ताईंनी एकेक फोटो पुढं सरकवत मोजायला सुरुवात केली, माणसं त्यांच्याबरोबर मोठ्यानं मोजायला लागली. शेषरावांचे झाले. देवाचे झाले. देवाचे कमी!

"जिंकला! माया देवा जिंकला रे!" ताई खुर्चीवरून उठून नाचल्या. गुलाल उधळला. देवाच्या कपाळावर, पाखऱ्याच्या शिंगांवर, लखनच्या पाठीवर. शेषरावांनी मान खाली घातली, पण तक्रार केली नाही.

लोकांनी हट्ट धरला, दोन्ही धावा मोठ्या पडद्यावर एकापाठोपाठ दाखवा. ताईंनी लावल्या. मी त्यांच्या शेजारी उभा. शेषरावांच्या धावेत मचाणाची सावली जमिनीवर काळीभोर. देवाच्या धावेत सावलीच नाही. ढग आला होता. ताईंचा हात माउसवरच राहिला. माझ्याकडे पाहिलं. मला काउंटरवरचं पीठ आठवलं. मी हळूच म्हणालो, "ताई, राहू द्या आता."

"पाय न धुताच घरात घेतली मी, भाऊ," त्या म्हणाल्या. "लोन्यावानी चालली आन मी भुलली."

आणि माइक घेतला. या बाईला माइकची गरज नव्हती, पण त्या दिवशी आवाजच फुटेना. म्हणाल्या, मी चुकली. फोन ढगात कमी फोटो काढतो, म्हणून माझ्या भावाचे कमी भरले. फाईल बदलून पुन्हा मोजते, सगळ्यांनी थांबा. मैदान थांबलं. हिरवी पट्टी सरकायला लागली. देविदास मशीनपाशी आला, कपाळावर गुलाल.

"ताई, तू माई बहीन हायस का त्याईची?"

"बहीन तुईच हाय रे देवा. फाईल कोनाचीच नाही."

पट्टी भरली. मोजलं. शेषराव जिंकले, केसभर फरकानं. देविदासनं गळ्यातला दुपट्टा काढला, कपाळ पुसलं, मग लखनची पाठ पुसायला लागला. गुलाल काही निघेना. बैल टेम्पोत चढवले आणि मागं न पाहता निघून गेला. ताई मशीन गोधडीत गुंडाळत होत्या आणि गोधडीची गाठ त्यांना बांधता येत नव्हती.

वर्षभर देवा बोलला नाही. राखीला ताई माहेरी गेल्या, तर तो मुद्दाम शेतात. भावजयीजवळ राखी ठेवून आल्या. काम चालू होतं, नवीन फाईल आली की हात चोळणं, आरोळ्या, सगळं तसंच. फक्त रिठदकडचं गिऱ्हाईक आलं की कूलर त्याच्याकडे फिरवायच्या! आणि विचारायच्या, "लखन कसा हाय? वैरन खाते ना नीट?" भावाचं नाव घ्यायच्या नाहीत. गिऱ्हाईक म्हणे, लखन मस्त आहे, देविदासही मस्त आहे. "त्याचं कोनं इचारलं?" असं म्हणून मशीनकडे वळायच्या. मला त्या देवाचा असा संताप यायचा, वाटे जावं आणि दोन थोबाडीत द्याव्यात.

पुढच्या पटाची बैठक भरली. शूटिंगचं ठरवायला मी गेलो होतो. शेषराव उठले. गेल्या वर्षी जिंकलेला माणूस, ऐटीत बोलेल असं वाटलं. म्हणाले, "फाईल मेडशीच्या ताई पाह्यत असतीन तं मी जोडी आनतो. नाही तं नाही."

कोणीतरी म्हणालं, "अहो, थे देविदासची सख्खी बहीन होय."

"माहीत हाय. म्हनूनच मनतो."

देविदास कोपऱ्यात बसला होता. तो उठून बाहेर गेला. मी मेडशीला येऊन ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला आणि म्हणाल्या, कूलरचं पाणी संपलं वाटतं. पाणी काठोकाठ होतं.

तो पट झाला, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात यजमान रिटायर झाले आणि दोघं मुलीकडे नागपूरला गेली. त्या खोलीत आता मोबाईलची कव्हरं विकतात. फोनवर बोलतो आम्ही कधीमधी, पण मला ताई दिसतात त्या अजून त्याच दुसऱ्या पटातल्या.

मैदान गच्च. या वेळी कमिटीनं मचाणावर फोनच्या जागी माझा कॅमेरा लावला होता, ताईंच्या हुकमानं. शेषरावांची जोडी पळाली, टाळ्या पडल्या. मग झेंडा पडला आणि पाखऱ्या-लखन सुटले. काय सांगू! जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचा आवाज नाही, चाबूक नाही, नुसती धूळ आणि खुरांचा गडगडाट. रेषा ओलांडली तेव्हा शंकाच नव्हती. दोन्ही घड्याळं एक बोलली. देविदासनं पट मारला होता, आणि असा मारला होता की कोणी व्हिडिओचं नावही काढलं नाही.

शेषराव स्वतः गुलालाचं ताट घेऊन गेले. देविदासनं हात आडवा धरला.

"थांबा काका. ताईनं पाह्यलं काय?"

"अरे, पाह्याचं काय त्यात? घड्या सांगून राह्यल्या ना!"

"ताई मनत नाही तवर गुलाल नाही."

मी मंडपाकडे धावलो. ताईंना बाहेरचं काही ठाऊक नव्हतं. पाठ मैदानाकडे, नाक पडद्याला लागलेलं, शेजारी कूलर मशीनकडे तोंड करून. त्यांनी माझं कार्ड लावलं होतं आणि हिरवी पट्टी आपल्या मुंगीच्या चालीनं सरकत होती. म्हटलं, "ताई, चला, जिंकला तो! लोक थांबलेत!"

"थांबू द्या. पाय धुऊन राह्यली."

"अहो, माझा कॅमेरा आहे, इमानदार आहे! घड्याळंही सांगताहेत!"

"मागच्या बारीले मीबी नाचली व्हती, भाऊ."

मी बाहेर वळून पाहिलं. मैदानही थांबलं होतं. ढोलवाल्यांनी टिपऱ्या खाली ठेवल्या. देविदास बैलांच्या मधोमध उभा, दोन हात दोघांच्या मानेवर, डोळे मंडपाकडे. पट्टी भरली. ताईंनी शेषरावांची धाव मोजली, बोटानं, ओठ हलवत. मग देवाची मोजली. मग परत पहिल्यापासून दोन्ही मोजल्या. खुर्ची मागं सारली, चष्मा कपाळावर ढकलला आणि थेट बाहेर चालायला लागल्या. लोकांनी वाट करून दिली. शेषरावांच्या हातातल्या ताटातून त्यांनी ओंजळभर गुलाल घेतला.

देविदास वाकला. बाई बुटक्या, पोचायला नको? ताईंनी कपाळाला लावला, गालांना लावला, केसांत ओतला, उरलेला लखनच्या पाठीवर थोपटला, आणि मग कुठं त्यांना आवाज फुटला. काय फुटला! "जिंकला! माया देवा जिंकला रे!" रिठदपर्यंत गेला असेल. ढोल वाजायला लागले.

देवाच्या डोळ्यांतून गुलालाचे लाल ओघळ उतरत होते. त्यानं ताईंचा हात धरला, त्याच हातानं डोळे पुसले आणि म्हणाला, "आता जिंकलो, ताई."